नाताळाच्या टेबलासाठी हातघडणीच्या मातीच्या वस्तू : माती, वाळवण आणि आवा

शरणपूरकर

नाताळाच्या जेवणाच्या टेबलावर प्लास्टिकची हिरवी वेल आणि थर्माकोलचे तारे मांडण्याऐवजी हाताने घडवलेल्या आणि नाशिकमध्येच भाजलेल्या मातीच्या वस्तू मांडण्याचा रिवाज आमच्या घरी आता चांगला रुळला आहे. दरवर्षी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ओळखीचे लोक विचारतात की हे कसे करायचे, आणि दरवर्षी मला सांगावे लागते की आता उशीर झाला आहे. म्हणून हा धागा दिवाळीचे आकाशकंदील उतरण्याआधीच काढतो आहे.

माझ्या मते सर्वांत आधी एक गोष्ट ठरवून घ्यावी, ती म्हणजे वस्तू झाडावर टांगायची आहे की टेबलावर ठेवायची आहे. टेबलावर पातेली फिरतात, मुले हात घालतात, मेणबत्त्या जळतात आणि समोरच्या माणसाशी बोलायचे असते. त्यामुळे तिथली वस्तू बसकी, जड बुडाची आणि उंचीने वीतभराच्या आत असावी. उंच देवदूत दिसायला सुरेख असतो, पण रस्सा वाढताना तो पहिल्यांदा आडवा होतो. मातीला स्वतःलाही बसके आकार मानवतात, त्यामुळे टेबलाची गरज आणि मातीचा स्वभाव इथे सहज जुळतात.

आमच्याकडे मुख्य वस्तू असते ती आगमनकाळाचे, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या ॲडव्हेंटचे, चार मेणबत्त्यांचे कडे. या प्रथेचा उगम जर्मनीतल्या हँबुर्ग शहरात सांगितला जातो. तिथे योहान हिन्रिख विखर्न या धर्मगुरूंनी १८३९ साली अनाथ मुलांच्या आश्रमात गाडीच्या लाकडी चाकावर मेणबत्त्या लावून नाताळापर्यंतचे दिवस मोजायला सुरुवात केली. पुढे रोजच्या लहान मेणबत्त्या मागे पडल्या आणि रविवारच्या चार तेवढ्या राहिल्या. आगमनकाळाचा पहिला रविवार हा ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा रविवार असतो, आणि ३० नोव्हेंबर हा संत अंद्रियाचा, म्हणजे सेंट अँड्र्यूचा, दिवस असल्यामुळे शरणपूरच्या आमच्या सेंट अँड्र्यूज चर्चच्या मंडळींच्या तो सहज लक्षात राहतो. याचा व्यवहारातला अर्थ असा की कडे नोव्हेंबर संपता संपता भाजून हातात यायला हवे. बाकीच्या वस्तूंना, म्हणजे नावाच्या पाट्या, हातरुमालाच्या कड्या (नॅपकिन रिंग) आणि येशूजन्माचा लहानसा गोठा यांना, २४ डिसेंबरपर्यंत सवड मिळते.

कडे एकसंध करू नये. फूटभर व्यासाचे सपाट वर्तुळ वाळताना वाकते, आणि लहान भट्टीत ते मावतही नाही. मी चार स्वतंत्र चाप करतो, प्रत्येक चापावर एका मेणबत्तीची खोबण ठेवतो आणि टेबलावर ते एकमेकांना भिडवतो. पाहुणे वाढले आणि टेबल लांबवावे लागले की तेच चाप नागमोडी ओळीत मांडता येतात, आणि एखादा फुटला तर तेवढाच पुन्हा करता येतो.

मातीकामाचे जाणकार इथे आहेत हे मला ठाऊक आहे. त्यांनी माती आणि भाजणी यांबद्दल लिहावे, ही विनंती.

प्रश्नचिन्ह

धागा वेळेवर काढल्याबद्दल आभार. माझे दोन प्रश्न आहेत. गणपतीच्या वेळची थोडी शाडू माती घरात शिल्लक आहे, ती चालेल का? आणि घरातल्या केकच्या ओव्हनमध्ये या वस्तू भाजता येतील का?

चाकफिरवी

दोन्ही प्रश्नांचे उत्तर नकारार्थी आहे, पण दोन्हींची कारणे वेगळी आहेत.

शाडू ही मूर्तिकामाची माती आहे. ती गुळगुळीत असते आणि बारीक काम चांगले धरते. परंतु ती न भाजता, नुसती वाळवून रंगवण्यासाठी आणि शेवटी पाण्यात विरघळण्यासाठीच वापरली जाते. टेबलावर रस्सा सांडला आणि ओल्या फडक्याने पुसायची वेळ आली, तर शाडूची वस्तू पुसली जाण्याऐवजी फडक्यावर येईल. गोठ्यातल्या, हात न लागणाऱ्या आकृत्यांसाठी ती अवश्य वापरावी. मेणबत्तीची खोबण आणि हातरुमालाच्या कड्या यांसाठी मात्र भाजलेली मातीच हवी.

ओव्हनचे म्हणाल तर घरगुती ओव्हन जेमतेम २५० अंशांपर्यंत जातो. त्या तापमानाला मातीतली ओल निघून जाते, पण मातीच्या कणांच्या घडणीतच बांधलेले पाणी निघायला साधारण ४५० ते ६०० अंश लागतात. ते पाणी निघून गेल्यावरच माती पुन्हा पाण्यात न विरघळणारी होते. तोवर ती कितीही कडक वाटली तरी चिखलच असते. आमच्या विजेच्या भट्टीत लाल मातीची पहिली भाजणी ९५० ते १००० अंशांच्या आसपास होते.

आता मोजमापाबद्दल सांगते, कारण टेबलाच्या वस्तूंत सर्वांत जास्त फजिती तिथेच होते. ओली माती वाळून भाजेपर्यंत आठ ते दहा टक्के आकसते. लहान चपट्या टी-लाइट मेणबत्तीचा व्यास साधारण ३८ मिलिमीटर असतो. तुम्ही ओल्या मातीत बरोबर ३८ची खोबण केलीत तर भाजल्यावर ती ३४-३५ची होईल आणि मेणबत्ती वरच अडकून बसेल. दहा टक्के आकसणारी माती असेल तर खोबण ४४ मिलिमीटरची ठेवावी, म्हणजे भाजल्यावर ३९-४० उरते आणि मेणबत्ती सहज निघते. आपल्या मातीचे प्रमाण काढण्यासाठी एका पट्टीवर ओली असतानाच दहा सेंटीमीटरची रेघ ओढावी आणि भाजल्यानंतर ती मोजावी. नऊ सेंटीमीटर भरली तर दहा टक्के. ही पट्टी जपून ठेवावी. माती बदलली की नवी करावी.

हातरुमालाच्या कड्या नळीभोवती गुंडाळून करतात. त्या वेळी नळीला आधी वर्तमानपत्राचे दोन-तीन वेढे द्यावेत आणि माती स्वतःचा आकार धरण्याइतकी घट्ट झाली की नळी लगेच काढून घ्यावी. माती आकसते, नळी आकसत नाही. ती आत राहिली तर कडी हमखास तडकते. जोडाच्या दोन्ही कडा तिरप्या कापून, दाभणाने ओरखडून, त्यांवर त्याच मातीची दाट खीर लावून दाबाव्यात. नुसत्या पाण्याने चिकटवलेला जोड वाळताना सुटतो.

आव्याची_धग

आमचे घर पिढीजात कुंभारकाम करणारे आहे. मी आता नोकरी करतो, पण सणासुदीला चाकावर बसतोच. चाकफिरवीताईंनी विजेच्या भट्टीचे सांगितले, मी आव्याचे, म्हणजे कुंभाराच्या पारंपरिक भट्टीचे सांगतो.

नाशिकच्या भोवतालची काळी माती जशीच्या तशी वापरून कोणी चांदण्या करू नयेत. ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच ओढते. उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा सर्वांनी पाहिल्या आहेत. आमचे लोक त्यासाठी गाळाची माती घेतात, तिच्यात राख किंवा वाळलेली लीद मिसळतात आणि ती पायाने तुडवतात. राखेमुळे माती कमी ओढते, आणि लीद भाजताना जळून गेल्यामुळे वाफेला बाहेर पडायला वाट मिळते. घरी थोडेच काम करायचे असेल तर कुंभाराकडून मळलेलाच गोळा विकत घ्यावा. माती खणून आणण्याची हौस नंतरच्या वर्षासाठी ठेवावी.

आणि एका गोष्टीकडे नवशिक्यांचे लक्ष जात नाही. आपल्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. भाजताना त्यांचा कळीचा चुना होतो, वस्तू आव्यातून धडधाकट बाहेर येते आणि पुढच्या काही दिवसांत तो चुना हवेतली ओल शोषून फुगतो आणि वरची खपली उडवतो. म्हणून पातळ वस्तूंची माती पाण्यात कालवून बारीक चाळणीतून गाळूनच घ्यावी.

भाजणीची सोय कशी करायची, तर त्यासाठी पंचांग पाहावे. दिवाळीच्या पणत्या आणि बोळकी झाली की कुंभारवाड्यातले हात संक्रांतीच्या सुगडांकडे वळतात, आणि सुगडांचे आवे डिसेंबरात लागतच असतात. त्या आव्यात तुमच्या मूठभर चांदण्यांना जागा मिळणे अवघड नाही, मात्र दोन अटी आहेत. वस्तू पूर्ण वाळलेल्या असाव्यात, आणि त्या आधी आणून दाखवाव्यात. एक ओली वस्तू फुटली तर तिच्या ठिकऱ्या शेजारच्या सुगडांना लागतात, त्यामुळे कुंभार नकार देत असेल तर तो आडमुठेपणा समजू नये. भाजणीचे पैसे न मागताच विचारून द्यावेत. आव्यात उष्णता सगळीकडे सारखी नसते, साधारण ७०० ते ९०० अंशांच्या दरम्यान कमी-जास्त होते. चारही चाप एकाच रंगाचे हवे असतील तर ते जवळजवळ रचायला सांगावे.

रंगाचेही तसेच. हवा खेळती राहिली तर मातीतले लोह लाल होते. हवा कोंडून धूर धरला तर तीच माती काळी होते. लाल कड्यावर काळ्या मेंढ्या ठेवल्या तर रंगाचा डबाही उघडावा लागत नाही.

नाशिकरोडची_काकू

शरणपूरकरांनी चर्चचा उल्लेख केला, तर आम्ही बाळ येशूच्या मंदिराकडची मंडळी मागे का राहू!

मला चाक येत नाही आणि शिकण्याचे वयही राहिले नाही. परंतु फराळ करणाऱ्या बाईच्या हाताला मातीकाम मुळीच परके नाही, असे माझे ठाम मत आहे. नाताळाच्या करंज्या आणि शंकरपाळे ज्या कातण्याने कापतो, त्याच कातण्याने मातीच्या पाट्यांना सुरेख नागमोडी कड येते. चकलीच्या सोऱ्यात शेवेची ताटली घालून माती दाबली की मेंढीची लोकर, देवदूताचे केस आणि गोठ्यातले गवत मिळते. अर्थात हे कातणे आणि हा सोऱ्या एकदा मातीला दिला की पुन्हा स्वयंपाकघरात आणू नये; जुने साधन त्यासाठी वेगळे काढावे. पोळपाटावर माती चिकटते, म्हणून खाली जुन्या सुती साडीचा तुकडा अंथरावा आणि दोन्ही बाजूंना पाच-सहा मिलिमीटर जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या ठेवून त्यांवरून लाटणे फिरवावे, म्हणजे जाडी सगळीकडे सारखी येते.

चांदणीची टोके अणकुचीदार ठेवू नयेत. ती ओलेपणी छान दिसतात आणि पहिल्याच नाताळात उडतात. ओल्या बोटाने त्यांना गोलाई द्यावी.

आमच्या टेबलावर मधोमध गोठा असतो. गोठ्याची प्रथा संत फ्रान्सिस यांनी इटलीतल्या ग्रेच्चो गावी १२२३ साली सुरू केली असे मानतात, आणि तिथे बैल व गाढव जिवंत होते. आमच्याकडे बैलाला वशिंड असते, कारण करणाऱ्याने बैल इथलाच पाहिलेला असतो. बाळाची गव्हाण २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवायची आणि बाळाच्या भेटीला येणाऱ्या ज्ञानी पुरुषांना टेबलाच्या दुसऱ्या टोकाला उभे करून रोज थोडे पुढे सरकवत ६ जानेवारीला गोठ्यात पोहोचवायचे, हा घरातल्या मुलांचा आवडता उद्योग आहे. त्यामुळे या आकृत्यांची बुडे सपाट आणि रुंद असणे फार गरजेचे आहे.

एक विचारायचे होते. याच मातीच्या लहान ताटल्या करून त्यांत केक आणि चकल्या वाढल्या तर चालेल का?

चाकफिरवी

काकू, वशिंडाचा बैल फार आवडला. पण आकृती जाडजूड असेल तर ती खालून कोरून पोकळ करा आणि भिंत सगळीकडे सेंटीमीटरभरच ठेवा. आत अडकलेल्या हवेमुळे वस्तू भट्टीत फुटते असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात ती फुटते ती जाड भागात राहिलेल्या ओलीची वाफ झाल्यामुळे. पोकळ आकृती लवकर आणि सारखी वाळते, म्हणून ती वाचते. वाळल्याची खूण म्हणजे वस्तू गालाला लावून पाहणे. गार लागली तर आत अजून पाणी आहे.

ताटल्यांच्या बाबतीत मात्र मी कडक आहे. बिनझिलईची, म्हणजे वर काचेसारखा थर नसलेली, भाजलेली माती सच्छिद्र असते. चकलीचे तेल तिच्यात मुरते, धुऊन जात नाही आणि पुढे त्याला खवट वास येतो. झिलई दिलेली हवी असेल तर ती खाद्यपदार्थांसाठी सुरक्षित म्हणून विकली जाणारीच असावी, आणि तिच्यासाठी सांगितलेल्या तापमानालाच ती भाजली गेलेली असावी. स्वस्त चमकदार झिलयांत शिसे असू शकते आणि आंबट पदार्थात ते उतरते. भाजल्यानंतर ॲक्रिलिक रंग किंवा वॉर्निश मारलेल्या ताटलीत तर खाण्याची वस्तू ठेवूच नये. ताटली करायचीच असेल तर वर केळीचे पान ठेवा आणि ताटलीला सजावट एवढेच काम द्या.

द्राक्षवेल

आमची बाग दिंडोरीकडे आहे, त्यामुळे माझे लक्ष पानांकडे गेले. नाताळाच्या सजावटीत परदेशी हॉलीची काटेरी पाने काढण्याची काही गरज नाही. द्राक्षाच्या पानाच्या शिरा मागच्या बाजूने इतक्या ठसठशीत असतात की लाटलेल्या मातीवर ती बाजू खाली ठेवून हलके लाटणे फिरवले की पूर्ण ठसा उमटतो. शिवाय येशूने स्वतःला खरा द्राक्षवेल म्हटले आहे, त्यामुळे हे पान या टेबलावर उपरेही वाटणार नाही. ज्यांना वेगळा पोत हवा असेल त्यांनी सुरूची फांदी दाबून पाहावी. सावधगिरी एवढीच की फळछाटणीनंतरच्या काळात बागेत औषधांच्या फवारण्या चालू असतात, म्हणून पाने धुऊनच घ्यावीत आणि मुलांच्या हाती तशीच देऊ नयेत.

छाटणीच्या ओल्या काड्या वाकवून त्यांचे कडे करण्याची टूम अलीकडे दिसते. ते दिसते छान, पण नाताळापर्यंत त्या काड्या खडखडीत वाळतात आणि मेणबत्तीखाली वाळलेले सरपण ठेवण्यात मला शहाणपण दिसत नाही. मेणबत्तीखाली माती, आणि काड्या ज्योतीपासून दूर, टेबलाच्या कडेला, हे बरे.

शरणपूरकर

द्राक्षवेल, सहमत आहे. मीही या कारणानेच चापाची खोबण खोल ठेवतो, म्हणजे मेणबत्ती पूर्ण जळली तरी ज्योत मातीच्या आत विझते. खाली मात्र कापडाला डाग पडू नये म्हणून प्रत्येक चापाला फेल्टचे गोल तुकडे चिकटवावेत. भाजलेल्या मातीचे बूड टेबलाच्या पॉलिशवर ओरखडे काढते.

काकू, तुमच्याकडे मेणबत्त्या कोणत्या रंगाच्या लावता? आमच्याकडे चारही लाल आणि नाताळाच्या दिवशी मध्ये एक पांढरी असते. मातीचा तांबूस रंग आणि लाल मेण एकमेकांत हरवतात, म्हणून या वेळी कड्याला पांढऱ्या मातीचा हात द्यावा असे मनात आहे.

नाशिकरोडची_काकू

आमच्याकडे तीन जांभळ्या आणि एक गुलाबी. गुलाबी तिसऱ्या रविवारची, आनंदाच्या रविवारची. जांभळा रंग लाल मातीवर फार खुलतो, त्यामुळे आम्हाला पांढऱ्या हाताची गरज भासत नाही. लाल मेणबत्त्या ठेवायच्याच असतील तर आव्याची_धग यांनी सांगितलेला काळा चाप करून पाहा.

रेघोट्या

रंगाचा विषय निघालाच आहे तर माझे मत मांडतो, ते बऱ्याच जणांना पटणार नाही. सोनेरी आणि चंदेरी ॲक्रिलिक रंगाने माती झाकून टाकायची असेल तर ती माती असण्याचे प्रयोजनच काय? तेवढ्यासाठी पुठ्ठा पुरे होता. गेरूच्या पाण्याचा हात भाजण्याआधी द्यावा, माती अर्धवट घट्ट असताना चमच्याच्या पाठीने किंवा गुळगुळीत गोट्याने घोटावे, आणि आव्यातून जो तुकतुकीत लाल रंग येतो तो तसाच ठेवावा. पेठ-सुरगाण्याच्या बाजूला वारली घरांच्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने जशी चित्रे काढतात, तशी बारीक पांढरी रेघ भाजल्यानंतर काढली तर पुरते. गोठ्याभोवती फेर धरलेली माणसे त्या रेघेत जितकी जिवंत वाटतात तितकी सोनेरी रंगात मला कुठे दिसली नाहीत.

नावाच्या पाट्यांबद्दल एक सूचना आहे. ओल्या मातीत देवनागरी अक्षरे कोरताना खिळ्याने मातीच्या कडा उचकटतात आणि अक्षर भुसभुशीत दिसते. माती चामड्यासारखी घट्ट झाल्यावर, रिफिल संपलेल्या बॉलपेनाच्या टोकाने लिहावे आणि उचललेले कण वाळल्यानंतर ब्रशने झाडावेत. अक्षरांचे ठसे करणार असाल तर ते आरशातल्यासारखे उलटे कोरायला विसरू नका.

प्रश्नचिन्ह

मी या आठवड्यातच गोळा आणतो आहे. शेवटचा प्रश्न असा की डिसेंबरात नाशिकचे ऊन चांगले असते आणि हवा कोरडी असते; मग वस्तू गच्चीवर उन्हात वाळवल्या तर काम लवकर होणार नाही का? आणि आव्यातून आणल्या की लगेच रंगवाव्यात का?

आव्याची_धग

लवकर होईल, पण वाकडे होईल. कोरड्या हवेत आणि उन्हात वरची बाजू आधी ओढते, खालची ओलीच राहते आणि सपाट पाटी पापडासारखी वळते. घरात, पंख्यापासून दूर, लाकडी फळीवर वर्तमानपत्र अंथरून ठेवा. पहिले दोन दिवस वरून हलके प्लास्टिक झाका, मग ते काढा आणि रोज एकदा वस्तू उलटी करा. थंडीत पाच-सहा मिलिमीटरच्या पाटीला आठवडा द्यावा, बैलासारख्या आकृत्यांना त्याहून जास्त. आव्यात देण्याआधीच्या दिवशी मात्र त्या उन्हात ठेवल्या तर चालतात, कारण तोवर आकसायचे ते आकसून झालेले असते.

रंगवण्याची घाई करू नका. आव्यातून आणल्यावर वस्तू आठवडाभर तशाच ठेवा. चुन्याचा खडा असेल तर त्याची खपली बहुधा तेवढ्या दिवसांत उडते, आणि मातीत क्षार असतील तर त्यांची पांढरी बुरशीसारखी पूड वर येते. ती कोरड्या ब्रशने झाडावी, ओल्या फडक्याने पुसू नये, कारण पाण्याने क्षार पुन्हा आत जातात आणि वाळल्यावर परत वर येतात. गोळा घ्यायला कुंभारवाड्यात सकाळी लवकर जा. दुपारी सगळे चाकावर असतात आणि हात मातीत असताना कोणी उठून माती जोखून देत नाही. पहिल्या खेपेला चाप करू नका. आठ-दहा चांदण्या आणि चाकफिरवीताईंनी सांगितलेली ती दहा सेंटीमीटरची पट्टी एवढेच करा, आणि वाळल्यावर दाखवायला घेऊन या.